जबड्याचे दुखणे आणि विषाची सुई

सुगी आटोपल्यावर एके दिवशी आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी जोडपे आम्हांला भेटावयास आले. बाईंनी पदर गालाशी दाबून धरला होता. आठ महिने उजव्या कानापुढे दुखत होते. जांभई दिली की ‘कट’ असा आवाज येई, सकाळी तोंड उघडताना कळ निघे आणि भाकरीचा घास चावणे नकोसे होई. कान दुखतो म्हणून कानात थेंब घालून झाले. दाढ किडली असेल म्हणून दाढ काढून झाली. दाढ गेली, दुखणे राहिले. शेवटी शहरातील एका दवाखान्यात त्यांना जबड्यात बोटॉक्सची इंजेक्शने घेण्यास सांगण्यात आले. खर्चाचा आकडा ऐकून घरधन्याने दावणीची दुभती म्हैस विकण्याचे मनात आणले होते. “फादर, ते विष असते म्हणतात. घ्यावे का?” एवढेच त्यांना विचारावयाचे होते.

आम्ही डॉक्टर नाही. त्यामुळे त्याच दिवशी उत्तर दिले नाही. जाणत्या डॉक्टरांना विचारले, थोडे वाचले. जे समजले ते येथे देत आहोत, कारण असे दुखणे एका घरापुरते नसते.

दुखते ते नेमके काय?

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा आणि मिटा. बोटाखाली जे हलते तो जबड्याचा सांधा. खालचा जबडा दोन बाजूंच्या दोन सांध्यांवर टांगलेला असतो आणि दोन्ही सांध्यांना एकाच वेळी हलावे लागते, जशी जोडीच्या बैलांना एकाच चालीने ओढावी लागते. हाडाला हाड घासू नये म्हणून सांध्यात कुर्चेची एक चकती असते. ती जागची सरकली की ‘कट’ असा आवाज येतो. नुसता आवाज येत असेल आणि दुखत नसेल, तर बहुधा काही करावे लागत नाही.

आता दात घट्ट आवळा आणि गालावर हात ठेवा. जो टणक गोळा हाताला लागतो तो चावण्याचा मुख्य स्नायू. कानशिलावरही पंख्यासारखा पसरलेला एक स्नायू आहे. पुष्कळांचे दुखणे सांध्यात नसून या स्नायूंत असते. झोपेत दात खाण्याची सवय, काळजीने दिवसभर दात आवळून ठेवणे, एकाच बाजूने चावणे, जबड्याला बसलेला मार, अशी त्याची कारणे सांगतात. दिवसभर नांगर ओढून बैलाचा खांदा सुजावा तसा हा स्नायू अवघडतो. मग कान दुखल्यासारखा वाटतो, कानशील ठणकते, दाढ दुखते असे वाटते. म्हणूनच आमच्या या भगिनीची दाढ विनाकारण गेली असण्याचा संभव आहे.

हे विष आले कोठून?

सेमिनरीत शिकलेले लॅटिन येथे आमच्या कामी आले. ‘बोट्युलस’ म्हणजे मांस भरलेले आतडे, आपल्या भाषेत सॉसेज किंवा चोरिस. जर्मनीतील वुर्टेमबर्ग प्रांतात शिळी सॉसेजे खाऊन माणसे लुळी पडून मरत. तेथील डॉक्टर आणि कवी युस्टिनुस केर्नर यांनी १८२० ते १८२२ या काळात अशा रोग्यांची तपशीलवार नोंद केली. मज्जातंतूंच्या अतिरेकी चाळवण्यावर हेच विष अगदी अल्प प्रमाणात औषध म्हणून वापरता येईल, असेही त्यांनी त्याच वेळी सुचविले होते.

पुढे १८९५ च्या डिसेंबरात बेल्जियममधील एलझेल या गावी एका अंत्यविधीनंतर बँडवाल्यांनी कच्चे खारवलेले मांस खाल्ले. पुष्कळ जण आजारी पडले, तिघे दगावले. त्या मांसातून एमिल व्हॅन एर्मेंगेम यांनी विष करणारा जंतू शोधून काढला. हा जंतू मातीत राहतो आणि जेथे हवा पोचत नाही तेथे वाढून विष तयार करतो.

सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळ्या डोळ्याच्या स्नायूत हे विष अत्यल्प मात्रेत टोचून पाहिले, प्रथम माकडांवर आणि नंतर माणसांवर. १९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी ते औषध म्हणून मान्य केले. मानेच्या पेटक्यासाठी २००० मध्ये आणि जुनाट अर्धशिशीसाठी २०१० मध्ये मान्यता मिळाली. जबड्याच्या दुखण्यासाठी मात्र त्या प्रशासनाची मान्यता नाही. डॉक्टर आपल्या जबाबदारीवर ते वापरतात.

सुई काय करते?

मज्जातंतू स्नायूला आवळण्याचा हुकूम एका रसायनाच्या द्वारे देतो. हे विष तंतूच्या टोकाशी जाऊन ते रसायन बाहेर पडू देत नाही. हुकूम पोचत नाही आणि स्नायू सैल पडतो. पाटाचे पाणी दारे मोडून अडवावे तसाच हा प्रकार होय. इंजेक्शन बहुधा गालाच्या आणि कानशिलाच्या स्नायूंत, चार-सहा ठिकाणी, बारीक सुईने देतात. गुण दोन-चार दिवसांत दिसू लागतो आणि सुमारे दोन आठवड्यांत पूर्ण येतो. तीन-चार महिन्यांत तंतू पुन्हा कामाला लागतात आणि औषधाचा अंमल सरतो. म्हणजे हे कायमचे औषध नव्हे. गुण आला तरी दर काही महिन्यांनी खर्च पुन्हा उभा राहतो. हे त्या जोडप्यास कोणी सांगितले नव्हते.

दुसरी गोष्ट अशी की सुई स्नायूला सैल करते, सांधा दुरुस्त करीत नाही. चकती सरकली असेल किंवा सांध्याला संधिवात असेल, तर गालातील सुईने ते मूळ जात नाही. जबडा वरचेवर निखळत असेल तर तज्ज्ञ शल्यवैद्य आतल्या खोल स्नायूत इंजेक्शन देतात, परंतु ते वेगळे आणि कौशल्याचे काम आहे.

गुण येतो का?

काहींना येतो. पण औषधाची सुई आणि नुसत्या खारट पाण्याची सुई यांची तुलना केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०२३ च्या डिसेंबरात जबड्याच्या जुनाट दुखण्यावरील उपायांविषयी मार्गदर्शन छापले. देखरेखीखाली केलेले जबड्याचे व्यायाम, मानेची ठेवण सुधारणारे व्यायाम, जाणकाराने हाताने केलेले उपचार आणि मनावरील ताण हाताळण्यास शिकविणारे समुपदेशन यांची त्यात जोरदार शिफारस आहे. बोटॉक्स सर्वसाधारणपणे देऊ नये असाच त्यातील सल्ला आहे, मात्र तो सौम्य शब्दांत आहे. म्हणजे निवडक रोग्यांत, इतर उपाय थकल्यावर, डॉक्टर आणि रोगी यांनी मिळून विचार करावा.

तोटेही लक्षात घ्यावेत. चावण्याची ताकद काही आठवडे कमी होते. औषध शेजारच्या स्नायूत पसरले तर हसणे वाकडे दिसते. क्वचित गिळावयास त्रास होतो. सशांवरील प्रयोगांत, चावण्याचा स्नायू सैल पडल्यावर जबड्याचे हाड विरळ झालेले आढळले आहे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि स्नायूंच्या दुबळेपणाचा आजार असलेल्यांनी ही सुई टाळावी. जेंटामायसिनसारखी प्रतिजैविके चालू असतील तर डॉक्टरांस आधी सांगावे. ब्युटी पार्लरमध्ये स्वस्तात मिळते म्हणून कधीही घेऊ नये. २०२४ मध्ये अमेरिकेत नकली किंवा अनधिकृत हातांनी दिलेल्या अशा इंजेक्शनांनी अनेक राज्यांतील माणसे आजारी पडली आणि काहींना इस्पितळात दाखल करावे लागले.

आधी घरचे उपाय

१. काही आठवडे मऊ खावे: पेज, आंबील, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी. ऊस सोलणे, फुटाणे, सुपारी बंद.

२. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने दोन्ही गाल पंधरा-वीस मिनिटे शेकावे, दिवसातून दोन वेळा. चटका बसणार नाही याची काळजी घ्यावी.

३. ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ वरच्या दातांमागे टाळूला अलगद टेकलेली, ही जबड्याची विश्रांतीची जागा. चुलीपुढे, रानात, दळणाच्या रांगेत, आठवेल तेव्हा दात आवळलेले नाहीत ना हे पाहावे.

४. जांभई येताच हनुवटीखाली मूठ धरावी, म्हणजे तोंड फार पसरत नाही.

५. दातांच्या डॉक्टरांकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्यावा आणि तो नेमाने करावा. चार दिवस करून सोडल्यास उपयोग नाही.

बहुतेकांचे दुखणे अशा साध्या उपायांनी आणि थोड्या धीराने उतरते. दात घासून सपाट करणे किंवा सांध्याची शस्त्रक्रिया यांसारखे परत न फिरविता येणारे उपाय घाईने पत्करू नयेत.

हे दुखणे दुसरेच तर नाही ना?

तोंड दिवसेंदिवस कमी उघडत असेल, गालाची आतली बाजू पांढरट आणि ताठ लागत असेल, तिखट झोंबत असेल, तर सुपारी-गुटख्याने होणारा रोग असण्याचा संभव असतो. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का हे पाहावे. हा रोग पुढे कर्करोगाकडे वळू शकतो, तेव्हा उशीर करू नये.

जखमेनंतर काही दिवसांत दातखीळ बसू लागली, तर तो धनुर्वात असू शकतो. त्याच घटकेस इस्पितळ गाठावे. धनुर्वाताचा जंतू बोटॉक्सच्या जंतूचा भाऊबंदच आहे. दोघेही मातीत राहतात, पण एकाचे विष जबडा आवळते आणि दुसऱ्याचे विष सैल सोडते. विळा-कुदळीने काम करणाऱ्या प्रत्येकाने धनुर्वाताची लस वेळेवर घ्यावी. तसेच छातीत दडपण येऊन जबडा दुखू लागला, तर हृदयविकाराची शंका घेऊन ताबडतोब डॉक्टर गाठावा.

स्वयंपाकघर आणि गोठा

ज्याची सुई शहरात मिळते ते विष घरी व गोठ्यातही होऊ शकते. उकळल्याने तयार विष नष्ट होते, पण जंतूचे बीज साध्या उकळीने मरत नाही. फुगलेला डबा फेकून द्यावा. चोरिसांत मीठ आणि व्हिनेगर पुरेसे घालावे आणि ती पूर्ण शिजवूनच खावीत. एक वर्षाखालील बाळास मध चाटवू नये. मधातील बीज त्याच्या कोवळ्या आतड्यात रुजून विष करते आणि मूल लुळे पडते.

गाई-म्हशी हाडे चघळत असतील तर त्यांच्या अंगात फॉस्फरस कमी आहे असे समजावे. दक्षिण आफ्रिकेत अशाच गुरांना हाडांतील या विषाने लुळेपणा येई, हे सर अर्नोल्ड थाइलर यांनी १९२० च्या सुमारास दाखविले. तेव्हा खनिज मिश्रण द्यावे, मेलेले जनावर खोल पुरावे आणि कडब्यात वा मुरघासात मेलेला उंदीर किंवा साप राहू देऊ नये.

डॉक्टरांना काय विचारावे?

दुखणे स्नायूचे आहे की सांध्याचे? व्यायाम आणि इतर उपाय पुरेसे करून झाले का? किती युनिट देणार, कोणते औषध, आणि बाटली सीलबंद व थंड जागी ठेवलेली आहे का? (एका कंपनीचे युनिट दुसरीच्या युनिटाबरोबर जुळत नाही.) गुण किती दिवस राहील, पुन्हा किती खर्च येईल? हे विचारण्यात संकोच नसावा. चांगला डॉक्टर रागावत नाही.

त्या भगिनीस आम्ही हेच सांगितले आणि जिल्ह्याच्या इस्पितळात मुखशल्यतज्ज्ञांकडे पाठविले. त्यांनी स्नायूचे दुखणे असल्याचे सांगून व्यायाम दिला. आज तीन महिने झाले. आवाज अजून येतो, थंडीत थोडे दुखते, पण त्या भाकरी चावून खातात. कर्जाची काळजी वाढली की रात्री दात खाणे वाढते, असेही त्यांच्या ध्यानात आले आहे. पुढे दुखणे वाढले तर सुईचा विचार करता येईल. तूर्त म्हैस विकलेली नाही.