मनातली वाचाही सम्यक हवी

दहावीचा निकाल लागतो. गणित राहिलेले असते. घरात कुणी एक शब्द बोलत नाही, तरी मुलगी रात्रभर स्वतःलाच बोलत राहते, "मी ढच आहे. माझ्याने काहीच होणार नाही." बचत गटाच्या बैठकीत हिशेब सांगताना एखाद्या ताईंची जीभ अडखळते आणि त्या मनात म्हणतात, "आपण अडाणी, आपण बोलूच नये." असे बोलणे आपल्या घराघरांत चालते. ते कुणाला ऐकू येत नाही, म्हणून त्याला कुणी अडवत नाही.

तथागतांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक वाचा आहे. खोटे बोलू नये, चहाडी करू नये, कठोर बोलू नये, वायफळ बोलू नये. दुसऱ्याशी बोलताना आपण हे पाळायचा प्रयत्न करतो, स्वतःशी बोलताना मात्र विसरतो. "माझ्याने काहीच होणार नाही" हे वाक्य कठोर आहे, शिवाय खोटेही आहे. बाकीचे सगळे विषय सुटलेल्या मुलीला "काहीच" जमत नाही, असे कसे म्हणता येईल?

या बोलण्याने नुकसान होते. जमणार नाही म्हणून आपण प्रयत्न टाळतो. प्रयत्न नाही म्हणून सराव नाही आणि सराव नाही म्हणून खरेच जमत नाही. मग मन म्हणते, "बघ, मी म्हटलेच होते."

हे शब्द मुळात आपले आहेत का, तेही तपासू या. "तुमची लायकी नाही" हे जातिव्यवस्थेने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. बडोद्यात नोकरीला गेले, तर राहायला जागा मिळेना. तरी १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. राहिलेले काम म्हणजे संपलेले काम नव्हे. अन्याय झाला असेल, तर त्याचा दोष स्वतःच्या माथी मारू नये. त्याच्याशी संघटित होऊनच लढावे लागते.

मग स्वतःची नुसती स्तुती करावी का? तेही नको. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा स्वतःवर विश्वास कमी होता, त्यांना स्तुतीचे वाक्य मनात घोळवून उलट जास्त वाईट वाटले. न पटणारी गोष्ट मन स्वीकारत नाही. म्हणून वाक्य खरे हवे आणि मायेचे हवे.

आम्ही सुचवतो ते असे :

१. मनात आलेले कठोर वाक्य वहीत जसेच्या तसे लिहा.

२. त्यातले "काहीच", "नेहमी", "कधीच" हे शब्द खरे आहेत का, ते पाहा.

३. हेच वाक्य आपण मैत्रिणीला किंवा लेकराला म्हटले असते का, हे स्वतःला विचारा.

४. त्याखाली नवे वाक्य लिहा. "गणित राहिले. बाकीचे विषय सुटले. उद्यापासून रोज अर्धा तास गणित."

५. ते स्वतःचे नाव घेऊन म्हणा आणि ठरवलेले छोटे काम त्याच दिवशी सुरू करा.

सवय जुनी आहे, दोन दिवसांत जाणार नाही. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास राहिले, झोप-भूक उडाली, तर डॉक्टरांना दाखवा. जगणे नकोसे वाटले, तर एक दिवसही थांबू नका. घरच्यांना सांगा आणि शासनाच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सेवा मोफत आहे आणि रात्रंदिवस चालू असते.

आणि आईवडिलांनो, लेकराला "तुला काही जमत नाही" म्हणण्याआधी थांबा. आज आपण जे बोलतो, तेच ते उद्या स्वतःशी बोलणार आहे.