उमरीत बसून तीन देशांतले कॉम्प्युटर सांभाळायचे, तर सर्व्हर किती लागतील?



समजा, उमरीत स्टेशनजवळ तुमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एक दिवस ओळखीतून फोन येतो. पुण्यातल्या एका कंपनीचे पुण्यात १२०, नांदेडला ४०, सौदीत रियाधला ३० आणि जर्मनीत स्टुटगार्टला १० कॉम्प्युटर आहेत. अपडेट, अँटिव्हायरस, नवं सॉफ्टवेअर, सगळं एका जागेवरून सांभाळायचं. "कोटेशन पाठवा."

पहिला विचार काय येतो? चार ऑफिस, म्हणजे चार सर्व्हर, आणि त्यावर एक मोठा. कोटेशन जाडजूड! थांबा. इथंच नवा माणूस फसतो. एक तर दर बघूनच काम हातचं जातं. नाहीतर काम मिळतं, आणि मग पाच सर्व्हरचं बॅकअप, लायसन्स अन् रात्रीचे फोन तुमचा नफा खाऊन टाकतात.

रेशन दुकान आठवा

कार्डावर किती नावं, कुणाला किती धान्य, हे तहसीलला ठरतं. धान्य मात्र गावातल्या दुकानात मिळतं. धान्य जवळ हवं म्हणून कुणी गावोगाव तहसील कार्यालय बांधतं का?

इथंही तसंच. हुकूम देणारा मुख्य सर्व्हर एकच. ज्या ऑफिसची लाइन कमजोर आहे, तिथं फक्त माल ठेवणारा कॉम्प्युटर. मायक्रोसॉफ्टच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये याला 'डिस्ट्रिब्युशन पॉइंट' म्हणतात. तो साध्या विंडोज ११ च्या कॉम्प्युटरवरही चालतो. सेक्राइटच्या एंडपॉइंट सिक्युरिटीमध्ये 'अपडेट मॅनेजर' हेच काम करतो.

आणि आकडा बघा: कॉन्फिगरेशन मॅनेजरची एकच मुख्य साइट दीड लाख कॉम्प्युटरपर्यंत झेपवते. आपले आहेत २००! इंट्यूनसारखी क्लाउड सेवा घेतली, तर स्वतःचा मुख्य सर्व्हरही लागत नाही.

माल जवळ का ठेवायचा? हिशोब करू

अपडेट २ जीबीचं. नांदेडला ४० कॉम्प्युटर, लाइन १० एमबीपीएस. प्रत्येकाने थेट पुण्याहून घेतलं तर ८० जीबी, म्हणजे जवळपास १८ तास लाइन जाम. एकदाच आणून ऑफिसातच वाटलं, तर लाइनवर २ जीबी, साधारण २७ मिनिटं. फरक कळला? हाच हिशोब मालकाला कागदावर दाखवा. काम तिथंच निम्मं पक्कं होतं.

स्टुटगार्टला १० कॉम्प्युटर आणि चांगली लाइन असेल, तर तिथं काहीच ठेवू नका.

देश बदलला की काय बदलतं?

१. सुट्टी आणि घड्याळ. सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. तुम्ही रविवारी सकाळी निवांत अपडेट सोडलं, की रियाधचं ऑफिस कामाच्या पहिल्याच दिवशी रीस्टार्ट होत बसेल. रियाध आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. जर्मनी उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे. म्हणून प्रत्येक ऑफिसचा वेगळा गट करा. त्यासाठी वेगळा सर्व्हर लागत नाही.

२. कायदा. युरोपात २५ मे २०१८ पासून जीडीपीआर लागू आहे. कर्मचाऱ्याची कुठली माहिती तुमच्या स्क्रीनवर दिसणार, ती कुठं साठणार, हे कंपनीकडून लेखी घ्या. जर्मनीत कामगारांची समिती असेल, तर कर्मचाऱ्यांवर लक्ष ठेवू शकणारी यंत्रणा बसवण्याआधी तिची संमती लागते. हे कंपनीने बघायचं, पण विचारायचं तुम्ही.

३. नावं. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये साइटचा कोड तीन अक्षरांचा असतो आणि एकदा बसवल्यावर बदलता येत नाही. घाईत काहीही टाकू नका. कॉम्प्युटरच्या नावातही गाव दिसू द्या, म्हणजे फोन आला की कुठला ते लगेच कळेल.

कोटेशन कसं द्यायचं?

दोन भाग करा. एकदाचं मांडणीचं काम वेगळं. आणि दर कॉम्प्युटरमागे महिन्याचा दर वेगळा. सर्व्हर विकून एकदाच पैसे येतात, सांभाळण्याचे दर महिन्याला. सुरुवात फक्त नांदेडच्या ४० पासून करा. महिनाभर नीट चाललं की पुणे, मग रियाध, शेवटी स्टुटगार्ट.

"आमच्या गावातून हे जमेल का?" असं वाटतंय? कैलाश काटकर सातारा जिल्ह्यातल्या लालगुणचे. शिक्षण दहावीपर्यंत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली, त्यातून क्विक हील उभी राहिली, आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. वर सांगितलेलं सेक्राइट त्यांचंच. दुरुस्ती करता करता त्यांनी ओळखलं, की ग्राहकाला खरं तर मशीन बंदच पडायला नको असतं.

आजचा गृहपाठ: वही घ्या. तुमच्या ओळखीतला दोन-तीन शाखांचा एक ग्राहक निवडा, पतसंस्था असो की कृषी केंद्र. चार रकाने आखा: गाव, कॉम्प्युटर किती, लाइन किती, सुट्टी कधी. कुठं माल ठेवायचा आणि कुठं नाही, ते या चार रकान्यांतूनच दिसेल. सर्व्हरची किंमत त्यानंतर विचारा, आधी नाही.

चला, लागा कामाला!