काळ्या मातीवरून धावणारी लहर

धुळ्याकडच्या शेतात जुन्या ट्रान्झिस्टरवर जळगाव आकाशवाणी खरखरू लागली, की ऐकणारा रेडिओ उचलून हळूहळू फिरवतो. एका दिशेला आवाज खणखणीत येतो, तिथून पाव फेरा दिला की विरतो. हाताला पडलेल्या या सवयीमागे शुद्ध भौतिकशास्त्र आहे. ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची काळी कांडी आडवी बसवलेली असते आणि तिच्यावर तांब्याच्या बारीक तारेचे वेढे असतात. लहरीचे चुंबकीय क्षेत्र कांडीच्या लांबीतून गेले, की वेढ्यांत सर्वांत जास्त विद्युतदाब निर्माण होतो. जळगाव धुळ्याच्या पूर्वेला असल्याने कांडी दक्षिणोत्तर असताना आवाज भरतो. तिचे टोक जळगावकडे वळले, की तो क्षीण होतो.

आकाशवाणीचे जळगाव केंद्र १९७६ मध्ये सुरू झाले. वीस किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून, मध्यम लहरीवर, ९६३ किलोहर्ट्झला. म्हणजे सेकंदाला ९ लाख ६३ हजार कंपने आणि एका लहरीची लांबी सुमारे ३११ मीटर. एफएमची लहर जेमतेम तीन मीटरची असते. ती सरळ रेषेत जाते आणि डोंगराआड तिची सावली पडते. मध्यम लहर जमिनीला धरून चालते, टेकड्या वळसा घालून ओलांडते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधून वाहणारी तापी, अशा खानदेशाला हीच लहर सोयीची.

तिला खानदेशाच्या जमिनीचीही साथ मिळते. जमिनीलगत धावताना लहर मातीत विद्युतप्रवाह निर्माण करते. जमीन कोरडी, खडकाळ असेल तर तिथे लहरीची बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. ओल धरणाऱ्या चिकणमातीची विद्युतवाहकता खडकाळ जमिनीच्या अनेक पट असते, त्यामुळे लहर दूरवर टिकते. ज्या काळ्या कसदार मातीत कापूस आणि केळी पिकतात, तीच माती त्या पिकांविषयीचा सल्ला बांधापर्यंत वाहून नेते. प्रक्षेपणाच्या मनोऱ्याभोवती जमिनीत तांब्याच्या लांबलांब तारा पुरतात, त्याही मातीत वाया जाणारी ही ऊर्जा वाचवण्यासाठीच.

पण लहर गावात पोहोचली, म्हणजे शिक्षण पोहोचले असे होत नाही. याचा पद्धतशीर अभ्यास महाराष्ट्राने जळगाव केंद्राच्या वीस वर्षे आधी पाहिला होता. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने ‘रेडिओ शेतकरी मंडळां’चा प्रयोग केला. खानदेशाला लागून असलेल्या नाशिकसह पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे त्यात होती. आठवड्यातून दोनदा गावातली वीसेक माणसे एकत्र बसत, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करत. त्यांचे प्रश्न केंद्राकडे जात आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरे मिळत.

टाटा समाजविज्ञान संस्थेतले समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरॅथ यांनी या प्रयोगाचे मोजमाप केले. त्यांनी तुलनेसाठी दोन प्रकारची गावे घेतली : काहींत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, काहींत रेडिओही नव्हता. मंडळ असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक भर पडली. नुसता रेडिओ असलेली गावे मात्र फारशी पुढे सरकली नव्हती. ज्ञान रुजवण्याचे काम ऐकल्यानंतरच्या बोलण्याने केले होते. १९५९ पासून ही मंडळे देशभर काढण्यात आली.

आज मध्यम लहरीपुढे नव्या अडचणी आहेत. एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर याच पट्ट्यात विद्युत गोंगाट करतात. सूर्य मावळला, की वातावरणातला, दिवसा ही लहर शोषून घेणारा साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा थर विरतो. मग दूरची केंद्रे वरच्या थरावरून परावर्तित होऊन जवळच्या आवाजात मिसळतात. मोबाइलवर तर ही लहर लागतच नाही. ॲपवर आकाशवाणी ऐकता येते, पण सातपुड्याच्या दऱ्यांत मोबाइलचे नेटवर्कही डोंगराआड अडते.

म्हणून खानदेशाला दोन्ही हवे : दूरवर पोहोचणारी मध्यम लहर आणि गावाचे म्हणणे ऐकणारे छोटे केंद्र. २००६ च्या सामुदायिक रेडिओ धोरणाने शैक्षणिक संस्था, कृषी विज्ञान केंद्रे आणि स्वयंसेवी संस्थांना असे केंद्र काढण्याची मुभा दिली आहे. शंभर वॅटच्या आतबाहेरची ताकद एका खोऱ्यासाठी पुरते, आणि त्या केंद्रावर अहिराणी, पावरी, तडवी बोलणारा माणूस आपल्या बोलीत प्रश्न विचारू शकतो. केळीवरचा करपा, कपाशीवरची बोंडअळी, बाळाचे लसीकरण या गोष्टी एकदा ऐकून सुटत नाहीत. त्यासाठी पुन्हा विचारायची सोय लागते. नव्या केंद्राच्या आराखड्यात प्रक्षेपकाइतकेच पैसे आणि माणसे श्रोता मंडळांसाठी राखून ठेवली पाहिजेत. तरच तो रेडिओ शाळेचे काम करील.