पवनी
महाराष्ट्र राज्याच्या भंडारा जिल्ह्यातील एक प्राचीन नगर व बौद्ध स्तूपस्थान. हे नागपूरच्या आग्नेयीस, वैनगंगेच्या काठी वसले असून तालुक्याचे ठाणे आहे. जुन्या नगरास एका बाजूने नदीचे व उर्वरित बाजूंनी मातीच्या तटाचे आणि खंदकाचे संरक्षण होते. उत्तरेतून दक्षिण कोसल व आंध्र प्रदेशाकडे जाणाऱ्या वाटांच्या सान्निध्यामुळे त्यास महत्त्व आले असावे.

नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खाते यांनी शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९६९–७० मध्ये येथे उत्खनन केले. त्यात जगन्नाथ टेकडी व चांदकापूर (सुलेमान) टेकडी या मातीच्या उंचवट्यांखाली विटांचे भव्य स्तूप आढळले. जगन्नाथ टेकडीच्या स्तूपाचा व्यास ३८ मी.हून अधिक आहे. सांचीच्या प्रसिद्ध महास्तूपाचा सु. ३६·६ मी. आहे. त्याची प्रथम बांधणी मौर्यकाळात वा त्याच्या थोडी आधी झाली असावी. पुढे त्यात भर पडून दगडी वेदिका (कठडा) उभी राहिली. खात्याने १९९४ मध्ये पुन्हा उत्खनन केले.

सह्याद्रीत भाजे, कार्ले येथे डोंगरच कोरून चैत्य घडविले गेले. पवनीस मात्र विटा रचून स्तूप व घडीव दगडांची वेदिका उभारली गेली. पश्चिमेकडील लेण्यांच्या कीर्तीमुळे विदर्भाचा हा प्राचीन वारसा झाकोळला गेला, असे म्हणण्यास हरकत नाही. वेदिकेच्या अवशेषांवर वृक्ष, धर्मचक्र इत्यादींची शिल्पे आहेत. बुद्धाची मानवी मूर्ती न दाखविता प्रतीकांनीच त्याचे अस्तित्व सुचविण्याची जुनी रीत येथे दिसते. मुचलिंद नागाच्या शिल्पात फणा उभारलेला नाग रिक्त आसनाचे रक्षण करीत असून त्याचे नाव शेजारीच ब्राह्मी लिपीत कोरले आहे.

दानलेख त्रोटक असले, तरी फार बोलके आहेत. एका लेखात नाग नावाच्या व्यक्तीस ‘पंचनैकायिक’, म्हणजे पाचही निकायांचा जाणकार, म्हटले आहे. हे बिरुद भारहूत येथेही आढळते. बुद्धवचनांचे पाच संग्रह त्या काळी निश्चित झाले होते व त्यांचे अध्ययन वैनगंगेच्या तीरापर्यंत पोहोचले होते, असे त्यावरून दिसते. विसमिता हिच्या दानलेखात ते दान सर्व प्राणिमात्रांच्या सुखास कारण होवो, अशी इच्छा आहे. दानाचे पुण्य सर्वांसाठी अर्पण करण्याची भावना केवळ उत्तरकालीन महायान पंथाची, हे मत अशा लेखांमुळे टिकत नाही.

येथील अन्य लेखांत भार कुलातील भगदत्त राजाचा पादुकापट्टावरील लेख आणि महाक्षत्रपकुमार रूपिअम्म याच्या छायास्तंभावरील लेख उल्लेखनीय आहेत. छायास्तंभ हा मृताच्या स्मरणार्थ उभारीत. रूपिअम्माच्या क्षत्रप बिरुदामुळे विदर्भात काही काळ शकांची सत्ता होती काय, हा प्रश्न उपस्थित झाला. एका स्तंभावरून सत्तेचा विस्तार ठरविणे मात्र धाडसाचे होय.

कालांतराने बौद्ध केंद्र लयास जाऊन पवनी हे हिंदूंचे तीर्थ बनले व त्यास ‘विदर्भाची काशी’ ही ख्याती लाभली. वैजेश्वर मंदिर, नदीवरील घाट आणि पंचमुखी सर्वतोभद्र गणेश ही येथील प्रमुख श्रद्धास्थाने आहेत. स्तूपाच्या टेकडीस तीवरील जगन्नाथ मंदिरामुळेच नाव पडले. १९५६ मध्ये नागपूर येथे झालेल्या धर्मांतरानंतर विदर्भातील बौद्धांच्या दृष्टीने या स्थळास नवे महत्त्व आले असून जवळच रुयाड येथे आधुनिक महास्तूप बांधण्यात आला आहे.