गुग्गुळाची परीक्षा

कच्छमधील उघड्या टेकड्यांवर आणि राजस्थानातील जैसलमेर, बाडमेर, जोधपूर या भागांतील खडकाळ माळांवर एक वेडेवाकडे, काटेरी झुडूप उगवते. उंची पुरुष-दीड पुरुष. फांद्या गाठाळ व टोकाशी अणकुचीदार. साल राखी रंगाची व कागदाच्या पापुद्र्यासारखी सुटून येणारी. पावसाळ्याचे दिवस सोडले, तर वर्षाचा बहुतेक काळ त्यावर पान म्हणून दिसत नाही. वाटसरूने वाळलेले सरपण समजून पुढे जावे, असेच त्याचे रूप. परंतु थंडीच्या सुमारास त्याच्या खोडाला चीर दिली, म्हणजे तीतून पिवळसर, सुगंधी चीक पाझरू लागतो आणि हवेत घट्ट होऊन त्याचे तपकिरी खडे बनतात. हाच गुग्गुळ होय. वनस्पतिशास्त्रज्ञ या झुडपाला कॉमिफोरा वाइटाय म्हणतात. हिराबोळ देणारे झाड हे त्याचेच भावंड.

महाराष्ट्रात हे झुडूप प्रत्यक्ष पाहिलेली माणसे थोडी. त्याचा डिंक मात्र घरोघरी पोचलेला आहे. धुपात तो असतो, बाळंतिणीच्या खोलीतील धुरीत असतो, आणि सांधे धरले म्हणजे वैद्य योगराज गुग्गुळाच्या गोळ्या देतात. सुश्रुतसंहितेसारख्या प्राचीन ग्रंथात त्याचे गुण वर्णिले आहेत. इतकी जुनी कीर्ती असलेल्या पदार्थाची पुन्हा परीक्षा कशासाठी घ्यावयाची, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की त्या खड्यात एक पदार्थ नसून अनेक पदार्थ एकत्र नांदत असतात. त्यांपैकी कोणता सूज उतरवितो, किती मात्रेत उतरवितो, आणि मुळात तो उतरवितो की दुखणे कालांतराने आपोआप ओसरते, हे कीर्तीवरून समजत नाही.

प्रथम ‘दाह’ म्हणजे काय, ते पाहू. पायात काटा मोडला, की ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकू लागते. शरीराने त्या ठिकाणी रक्ताचा पुरवठा वाढवून पांढऱ्या पेशींचे सैन्य धाडलेले असते. हा दाह उपकारकच असतो. परंतु काही रोगांत काटा नसतानाही हे सैन्य माघारी फिरत नाही. संधिवातात ते सांध्यांचीच नासधूस करू लागते. अशा वेळी दाहशामक औषध लागते. 

दुसरा शब्द ‘प्रतिऑक्सिडीकारक’. वांगे चिरून ठेवले, की काळे पडते. खोबरे बरेच दिवस राहिले, की खवट होते. दोन्ही ठिकाणी हवेतील ऑक्सिजनची करणी असते. शरीरातही ऑक्सिजनपासून काही अस्थिर कण निर्माण होतात. त्यांना मुक्त मूलके म्हणतात. त्यांच्यातील एक इलेक्ट्रॉन जोडीवाचून राहिलेला असतो, आणि तो जोडीदार मिळेल तेथून ओढून घेतो. दाह होत असलेल्या जागी अशी मूलके विपुल तयार होतात; म्हणून या दोन गुणांचा शोध पुष्कळदा एकत्रच घेतला जातो. जो पदार्थ आपल्याजवळचा इलेक्ट्रॉन देऊन या मूलकांना शांत करतो, तो प्रतिऑक्सिडीकारक.

हे पदार्थ शोधण्यासाठी शास्त्रज्ञ वाळवंटाकडे वळतात, यालाही कारण आहे. मनुष्य उन्हातून सावलीत जातो, शेळी जाते. झाड जाऊ शकत नाही. प्रखर ऊन आणि पाण्याचा तुटवडा एकत्र आले, म्हणजे पानांच्या पेशींत मुक्त मूलकांचा सुळसुळाट होतो. शिवाय हिरवे काही दिसले, की खायला टपलेली जनावरे आहेतच. जेथे एक फांदी वाढविण्यास वर्ष लागते, तेथे ती गमावणे परवडत नाही. म्हणून अशा वनस्पती कडू, उग्र आणि चिकट द्रव्यांचा साठा करून ठेवतात. गुग्गुळाचा चीक हे त्या झुडपाचे आपल्या जखमेवर घातलेले मलमच होय. झाडाने स्वतःसाठी केलेले मलम माणसाच्याही उपयोगी पडेल, ही अपेक्षा वावगी नाही. मात्र ती अपेक्षाच आहे.

परीक्षेची पहिली पायरी अगदी साधी, पण पुष्कळदा तेथेच घसरण होते. हाती आलेला माल खरोखर त्याच झाडाचा आहे काय? खानदेश-विदर्भाच्या रानांत सालईचे झाड आहे. त्याच्या डिंकालाही लोक सालई गुग्गुळ म्हणतात, आणि बाजारात दोहोंची सरमिसळ होते. सालईच्या डिंकातही औषधी गुण आहेत, परंतु ते वेगळे झाड आणि वेगळी रसायने. म्हणून संशोधक फांदी, पान, फळ यांसह नमुना वाळवून जपून ठेवतो. पुढे कोणी शंका घेतली, तर तो साक्षीला येतो.

त्यानंतर अर्क काढतात. चहाची पत्ती पाण्यात उतरते, पण तेल उतरत नाही. त्याचप्रमाणे डिंकातील निरनिराळे घटक निरनिराळ्या विद्रावकांत उतरतात. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत गुग्गुळावर काम झाले, तेव्हा एथिल ॲसिटेट या द्रवात विरघळणारा भाग गुणकारी आढळला. त्यात न विरघळणारा गाळ त्रासदायक निघाला. गुणकारी भागातील प्रमुख द्रव्यांना गुग्गुलस्टेरॉन असे नाव आहे. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वैद्यही कच्चा गुग्गुळ देत नाहीत. त्रिफळ्याच्या काढ्यात किंवा दुधात उकळून त्याचे शोधन करतात. कच्च्या डिंकाने पोट बिघडते आणि अंगावर पुरळ उठतो, हे त्यांनी रसायनशास्त्राच्या मदतीवाचून ओळखले होते.

आता परीक्षानळीतील परीक्षा. डीपीपीएच या संक्षिप्त नावाचे एक रसायन आहे. ते स्वतःच एक मुक्त मूलक असून सुदैवाने बरेच स्थिर आहे. बाटलीत भरून ठेवता येते. त्याचे द्रावण गडद जांभळे असते. त्याला जोडीचा इलेक्ट्रॉन मिळाला, की जांभळा रंग जाऊन पिवळसर छटा उरते. १९५८ साली ही युक्ती प्रतिऑक्सिडीकारक द्रव्ये मोजण्यासाठी सुचविली गेली आणि आजही ती जगभर वापरात आहे. द्रावणात अर्क मिसळून काळोखात अर्धा तास ठेवतात आणि ते किती प्रकाश शोषते, हे यंत्राने मोजतात. समजा, अर्काशिवाय आकडा ०.८० होता आणि अर्क घातल्यावर ०.२० झाला, तर ०.८० पैकी ०.६० गेला, म्हणजे ७५ टक्के मूलके निवली. शेजारच्या नळीत क जीवनसत्त्व घेऊन त्याच्याशी तुलना केली जाते.

हा रंगपालट पाहण्यास मोठा मनोहर, आणि म्हणूनच फसवा. डाळिंबाची साल, चहा, लवंग, कितीतरी पदार्थ ती जांभळी नळी पिवळी करून दाखवितात. नळीला जठर नाही, यकृत नाही, रक्त नाही. पोटात गेलेले द्रव्य आम्लात टिकावे लागते, आतड्यातून रक्तात शिरावे लागते, यकृताच्या कचाट्यातून सुटावे लागते. तेव्हा कोठे ते सुजलेल्या गुडघ्यापर्यंत पोचते. वर्तमानपत्रांतून ‘अमुक वनस्पतीत रोगनाशक शक्ती सापडली’ असे मथळे झळकतात, तेव्हा पुष्कळदा परीक्षा या नळीपुढे गेलेलीच नसते.

पुढील पायरी प्राण्यांची. समुद्रशैवालापासून मिळणारे कॅरागीनन नावाचे द्रव्य उंदराच्या पंज्यात टोचले, म्हणजे तो पंजा काही तासांत सुजतो. १९६२ साली ही पद्धत प्रथम मांडली गेली. सूज मोजण्याची रीत आर्किमिडीजला पाहून आनंद व्हावा अशी आहे: पंजा द्रवात बुडवावयाचा आणि किती द्रव बाजूला सरला, ते पाहावयाचे. एका गटाला आधी अर्क पाजलेला असतो, दुसऱ्याला माहितीतील दाहशामक औषध, तिसऱ्याला नुसते पाणी. तिसरा गट नसेल, तर पहिल्या दोन्हींचे आकडे निरर्थक ठरतात. मुक्या जिवाला वेदना द्यावयाच्या, तर त्यासाठी सबळ कारण हवे. म्हणून असे प्रयोग करण्यापूर्वी आज नीतिसमितीची अनुमती घ्यावी लागते. भारतीय संशोधकांनी गुग्गुळातून वेगळ्या केलेल्या एका स्फटिकरूप द्रव्याचा दाहशामक गुण १९७१ साली अशा प्राणिप्रयोगांतून नोंदविला. २००४ साली पेशींवरील प्रयोगांत असे दिसले, की दाहाची यंत्रणा चालू करणाऱ्या एका प्रथिनाला गुग्गुलस्टेरॉन अडवून धरते. म्हणजे गुण आहे, आणि तो कसा घडत असावा याचा एक धागाही हाती आला आहे.

तरीही शेवटची परीक्षा माणसाची असते, आणि ती किती कठोर असते हे गुग्गुळाच्याच दुसऱ्या एका कीर्तीने दाखवून दिले. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाचे वर्णन वाचून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात सशांवर प्रयोग केले आणि १९६६ साली प्रबंध सादर केला. गुग्गुळाने रक्तातील कोलेस्टेरॉल उतरते, असे त्यांना आढळले. पुढे लखनौच्या संस्थेने अर्क प्रमाणित केला, रुग्णांवर चाचण्या झाल्या आणि १९८७ मध्ये औषध बाजारात आले. जुन्या ग्रंथातील वचनापासून औषधाच्या दुकानापर्यंतचा हा प्रवास कोणालाही अभिमान वाटावा असाच होता. नंतर अमेरिकेत १०३ व्यक्तींवर आठ आठवडे चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. काहींना गुग्गुळाचा अर्क आणि काहींना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी दिली होती. कोणाला काय मिळाले, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि देणाऱ्यालाही नाही. अपायकारक कोलेस्टेरॉल गुग्गुळ घेणाऱ्यांत उतरले नाही. उलट ४ ते ५ टक्क्यांनी वाढले. काहींच्या अंगावर पुरळही उठला. आहार वेगळा, माणसे वेगळी, असे गुग्गुळाची बाजू घेणारे म्हणतात. त्यात तथ्य असू शकेल. पण ते तथ्यही चाचणीनेच सिद्ध करावे लागेल.

सांधेदुखीच्या बाबतीत गुडघ्याच्या रुग्णांना आराम पडल्याच्या नोंदी आहेत; परंतु अशा काही अभ्यासांत तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. शिवाय ‘झाडपाल्याचे औषध, त्याने काय होणार’ असे म्हणूनही चालत नाही. गुग्गुळाच्या अर्कामुळे हृदयविकारावरील दोन औषधे रक्तात कमी प्रमाणात उतरतात, असे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात आढळले. आजोबांनी डॉक्टरांना न सांगता गुग्गुळ सुरू केला, तर चालू असलेले औषध निकामी होण्याचा संभव असतो.

इकडे परीक्षा चालू असताना तिकडे माळावरचे झुडूप विरळ होत चालले आहे. मागणी वाढली, तसे खोडाला खोल घाव घालणे सुरू झाले. घावात इथेफॉनसारखे रसायन भरले, तर चीक कितीतरी पट अधिक वाहतो. पण प्रमाण सांभाळले नाही, तर ते झुडूप वाळून मरते. बीही फारसे रुजत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत गुग्गुळाची नोंद आता ‘अतिसंकटग्रस्त’ अशी आहे. चीक गोळा करणाऱ्या गरीब माणसाला दोष देऊन हे थांबणार नाही. त्याच्या हाती दुसरे साधन थोडेच असते.

सुदैवाने फांदीचे छाटकलम लावून गुग्गुळ वाढविता येतो. राजस्थान व गुजरातमध्ये अशा रोपवाटिका आहेत, आणि चीर किती खोल असावी, कोणत्या महिन्यात द्यावी, झाडाला विसावा किती द्यावा, यांचा अभ्यास होत आहे. कलमाचे झुडूप चीर देण्याजोगे होण्यास साधारणपणे आठ-दहा वर्षे लागतात. त्यानंतर एका हंगामात एका झुडपापासून पाव-अर्धा किलो डिंक मिळतो. त्यातला चिमूटभर प्रयोगशाळेत जातो आणि जांभळ्या नळीपासून पुन्हा परीक्षा सुरू होते.