पाय उचलले की हृदयाचं काय होतं?

हृदयाचं कामकाज : लेखांक ९

मागच्या आठवड्यात धमन्यांतून रक्त शरीरभर कसं पोचतं ते पाहिलं. आज त्याच्या परतीच्या वाटेबद्दल. शरीरातलं साधारण दोनतृतीयांश रक्त शिरांमध्ये असतं. आपण उभे राहिलो की त्यातलं अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. ते वर चढतं पोटऱ्यांच्या हालचालीमुळे, आणि शिरांमधल्या झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. रांगेत ताटकळलेल्या माणसाला भोवळ येते ती म्हणूनच. पोटऱ्या स्थिर राहतात, रक्त खाली साचतं आणि मेंदूला कमी पडतं.

अशा माणसाला उताणं झोपवून पाय उचलले, तर रक्त आपसूक छातीकडे सरकतं. पाय ४५ अंशांपर्यंत उचलले तर हे प्रमाण साधारण १५० ते ३०० मिलिलिटर भरतं. हृदयात रक्त जास्त भरलं की त्याचे स्नायुतंतू अधिक ताणले जातात आणि पुढचा ठोका अधिक जोरकस पडतो. जर्मनीचे ओटो फ्रँक आणि इंग्लंडचे अर्नेस्ट स्टार्लिंग यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो.

अतिदक्षता विभागात याच नियमाची चाचणी होते. रक्तदाब घसरलेल्या रुग्णाला आणखी सलाईन द्यावं का, हा तिथला रोजचा प्रश्न. अशा रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांनाच त्याचा फायदा होतो. बाकीच्यांना ते जास्तीचं पाणी बाधतं, फुप्फुसांत उतरू शकतं. म्हणून डॉक्टर आधी रुग्णाला अर्धवट बसतं ठेवतात. मग खाटेची कळ दाबून धड सपाट आणि पाय वर केले जातात. नजर असते इकोच्या पडद्यावर. मिनिटभरात दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त १० टक्क्यांहून जास्त वाढलं, तर सलाईनचा उपयोग होण्याची शक्यता असते. पाय खाली घेतले की सगळं पूर्ववत. बाहेरचा एक थेंबही न देता उत्तर हाती येतं, ही या चाचणीची मोठी खुबी.

पण जे रक्त निरोगी हृदयाला बळ देतं, तेच थकलेल्या हृदयाला भार होतं. हृदय कमकुवत असलं की वाढीव रक्त पुढे ढकललं जात नाही. ते फुप्फुसांत तुंबतं आणि धाप वाढते. हार्ट फेल्युअरचे रुग्ण दोन-तीन उशा घेऊन झोपतात, रात्री दचकून उठून बसतात, ते यामुळेच.

तेव्हा घरात कुणाला चक्कर आली आणि मार लागलेला नसला, तर आडवं करा, पाय फूटभर उचलून धरा. शुद्ध लवकर आली नाही तर १०८ला फोन करा. मात्र ज्याला धाप लागली आहे किंवा छातीत दुखतंय, त्याचे पाय उचलू नका. त्याला टेकून बसवा आणि तातडीने दवाखाना गाठा.