निकालावरून शहाणपण ठरते काय?

पानिपतचा विषय निघाला, की सदाशिवरावभाऊंच्या अविवेकाचा पाढा वाचण्यास ज्यांना क्षणाचाही विलंब लागत नाही अशा माणसांची आपल्याकडे कधीच वाण पडलेली नाही. आणि त्यांच्या साऱ्या युक्तिवादाच्या मुळाशी गृहीतक एकच असते, ते हे की, ज्याअर्थी परिणाम विनाशकारी झाला त्याअर्थी निर्णयही मूर्खपणाचाच असला पाहिजे. हे गृहीतक सर्वस्वी चुकीचे आहे. कितीदा सांगितले तरी ते पुन्हा डोके वर काढते, म्हणून त्याचा समाचार सविस्तर घेणे अगत्याचे झाले आहे.

3 फेब्रुवारी 1760 रोजी उदगीरला निजामाचा मोड झाला तेव्हा फौजेचे नेतृत्व याच भाऊंकडे होते, इब्राहीमखान गारद्याचा तोफखाना हाच होता आणि त्यावर विसंबण्याची नीतीही हीच होती; तेव्हा मात्र ती दूरदृष्टी ठरली व उत्तरेची मोहीम भाऊंवर सोपविण्यात आली. वर्ष पुरते उलटले नाही, तोच 14 जानेवारी 1761 ला त्याच नीतीवर अविचाराचा शिक्का बसला. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या, म्हणजे प्रतिपक्षाच्या बाजूने लढाई पाहिलेल्या काशीराजाचा फारसी वृत्तांत वाचावा: गारद्यांनी रोहिल्यांना आणि भाऊंच्या स्वारांनी अब्दालीचा वजीर शहावलीखान याच्या फळीला जेरीस आणले होते. पुढे अब्दालीने राखीव फौज रणात घातली, हे त्याचे सेनापतित्व, तो योगायोग नव्हे. परंतु पेशवेपुत्र विश्वासरावांना लागलेल्या ज्या गोळीने फौजेचा धीर सुटला, तिचा मार्ग कोणाच्याही हुकुमतीत नव्हता, आणि ती रकम भाऊंच्या बुद्धीच्या खात्यावर नावे टाकणे हा उघड अन्याय आहे.

याचा अर्थ भाऊ निर्दोष होते असा मात्र नव्हे. यात्रेकरू आणि बुणगे यांचा प्रचंड लवाजमा बरोबर वागवणे, तसेच ऑक्टोबर 1760 मध्ये बागपतजवळ अब्दाली यमुना उतरून आला तेव्हा त्या उताराचा पुरता बंदोबस्त नसणे, हे दोष खरेच. पण ते दोष ठरतात ते त्या वेळी हाती असलेल्या माहितीवरून, आणि भाऊ पानिपत जिंकते तरीही ते दोषच राहिले असते. निर्णयाची परीक्षा घ्यायची ती अशी.

हा वकिली युक्तिवाद आहे अशी शंका ज्यांना येईल त्यांच्यासाठी प्रमाण देतो. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी या अमेरिकन संशोधकांनी 1988 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. 55 वर्षांच्या एका हृद्रोग्यावर शस्त्रक्रिया करण्याचा निर्णय सहभागी लोकांसमोर ठेवला होता. अशा शस्त्रक्रियेत शेकडा 8 रुग्ण दगावतात, ही माहिती दोन्ही वेळा तीच होती, शेवट मात्र निराळा होता. रुग्ण वाचल्याचे वाचून ज्या निर्णयाला लोकांनी वरचा दर्जा दिला, तोच निर्णय रुग्ण दगावल्याचे वाचताच त्यांच्या लेखी खालावला. डॉक्टरच्या विचारात तर तिळमात्र फरक पडलेला नव्हता!

आता योगायोगाविषयीचे काही किरकोळ समज. लागोपाठ तीन मुली झाल्या म्हणून चौथा मुलगाच होणार, असे मानण्यास काडीचा आधार नाही. मागल्या अपत्यांचा हिशेब गर्भ ठेवीत नसतो. पेनिसिलिन हे निव्वळ दैवाचे दान, हेही अर्धसत्य: 1928 साली जंतुशास्त्रज्ञ फ्लेमिंगच्या जंतुसंवर्धनात बुरशी आपसूक आली हे खरे, पण जंतूंचा नाश करणाऱ्या द्रव्यांचा अभ्यास तो त्यापूर्वीच करीत होता, आणि त्या बुरशीपासून औषध सिद्ध करण्यासाठी पुढे फ्लोरी आणि चेन यांना अपार कष्ट पडले.

चिठ्ठ्या टाकणे म्हणजे बुद्धीला रजा देणे, हा समज तर साफ खोटा आहे. सुमारे इ. स. 920 च्या उत्तरमेरूर येथील चोळकालीन शिलालेखांत ग्रामसमित्यांची निवड चिठ्ठ्यांनी करण्याचे नियम आहेत; परंतु पात्रतेच्या अटी आधी लावलेल्या आहेत, आणि पूर्वीच्या कारभाराचा हिशेब न देणारे त्यांतून बाद केलेले आहेत. ब्रिटनमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 1948 साली प्रसिद्ध झाले. कोणत्या रुग्णाला औषध मिळावे हे संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी बंद लिफाफ्यांतील यदृच्छ आकड्यांवर सोपविले होते. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या 55 पैकी 4 आणि केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या 52 पैकी 14 रुग्ण मरण पावले. निवडीत कोणाचा कल शिरलेला नसल्यामुळेच या फरकाचे श्रेय औषधाला देता आले.